जंत कसा जेवतो

यांचा घसा गेल्या दिवाळीनंतर बंद पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि त्यांच्याबरोबर गिळण्याची युक्तीही गेली. हात-पाय गेले की लोक हळहळतात, वाचा गेली की रडतात. गिळणं गेलं हे मात्र कुणाच्या लवकर ध्यानात येत नाही. धंतोलीतल्या दवाखान्यात एका पोरसवदा डॉक्टरीणबाईंनी यांच्या जिभेवर चमचाभर घट्ट दही ठेवलं. यांनी ते तोंडात घोळवलं, गिळल्यासारखं केलं. ठसकासुद्धा लागला नाही. मी खूश झाले. बाई म्हणाल्या, "आजी, ठसका लागत नाही हेच वाईट आहे. अर्धं दही छातीत गेलं आणि यांना कळलंच नाही."

त्या दिवसापासून नाकातून नळी. दोनदा यांनी ती डाव्या हाताने उपसून काढली, तेव्हा तो धड असलेला हातही पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधून ठेवावा लागला. आणि त्या दिवसापासून घरात प्रश्न एकच. हा माणूस पुन्हा तोंडाने जेवणार की नाही.

दुसऱ्या कुणाच्या घरात हा प्रश्न देवापाशी गेला असता. आमच्या घरात तो जंतापाशी गेला. याला कारण मी. मी जन्मभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, आणि गोलकृमी, म्हणजे पोटातला साधा जंत, हा माझा हातखंडा विषय. मेणाच्या ताटलीत पाण्याखाली जंत टाचण्यांनी ताणून बसवायचा, पाठीवरून नाजूक चीर द्यायची, आतली चपटी, तपकिरी आतड्याची फीत न फाडता मोकळी करायची. हे काम माझ्याइतकं सुबक कुणी करत नसे, अशी माझीच समजूत होती.

लकडगंजातल्या या घरात मी सून होऊन आले तेव्हा तर माझ्या विद्वत्तेला नुसते धुमारे फुटले होते. घरात आरामशीन, सागवानाचा धंदा, माणसं दिवसभर लाकडाचा भुसा अंगावर घेऊन यायची आणि जेवायला बसायची. मी वाढता वाढता ज्ञान द्यायची. त्या बाईचा फोटो अजून भिंतीवर आहे, दोन वेण्या आणि नाक वर. कधी कधी मी तिच्याकडे पाहते आणि वाटतं, हिला कुणी एक चापट कशी मारली नाही.

एकदा वरणभात वाढताना मी म्हणाले, "जंताला चावायला दात नसतात." कुणी काही विचारलं नव्हतं.

सासरे भात कालवत होते. ते थांबले. "मग खाते कसा तो?"

"खायची गरजच नाही, बाबा. आपण चावतो, आपलं पोट पचवतं, आणि तो आयतं पितो. आयतोबा आहे नुसता."

"म्हणजे घरजावई म्हण ना," सासरे म्हणाले आणि जेवू लागले.

यांना मात्र ठसका लागेपर्यंत हसू आलं. आणि त्या दिवशी यांनी जे केलं ते पुढे जन्मभर पुरलं. सगळ्यांच्या नकळत, ताटाच्या कडेला, करंगळी वर केली आणि वळवळवली. एवढंच.

पुढे ती करंगळी आमची भाषा झाली. न सांगता पाहुणा आला, चार दिवस राहून गेला, की करंगळी. आरामशीन पुतण्यांकडे सोपवली आणि हे घरी बसले, मी अजून नोकरीत, तर पहिल्याच दिवशी माझ्या हातचं ताट घेताना यांनी स्वतःवरच करंगळी हलवली. "आजपासून मी तुह्या घरचा जंत," म्हणाले. मी म्हटलं, "जंत निदान तक्रार करत नाही मिठाची."

बरणीची गोष्टही सांगून टाकते. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून मी नमुन्यांची एक बरणी घरी आणली. शेवया समजून कुणी खीर केली, असं तुम्हाला वाटेल. तसं काही झालं नाही, फॉर्मलिनच्या वासाने दारापासूनच सगळं सांगून टाकलं होतं. सासूबाई लांबूनच म्हणाल्या, "मेला आहे का नक्की?"

"हो आई, केव्हाचा."

"मग त्याचं तोंड भिंतीकडं करून ठेव. माह्या सैपाकाकडं नको."

एखादी शहाणी सून बरणी उलटी फिरवून मोकळी झाली असती. मी भिंग काढलं. कारण जंताची दोन्ही टोकं लांबून सारखीच दिसतात, आणि तोंड कोणतं हे शास्त्राप्रमाणे ठरवल्याशिवाय ते भिंतीकडे करणं मला पटेना. पुढच्या टोकाला तीन ओठ असतात, एक वर, दोन खाली. ते मला सापडले. मी सासूबाईंना पाहायला बोलावलं. त्या आल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत त्यांनी चूल पेटवली नाही, आणि सगळ्यांनी बाहेरून आणलेला चिवडा खाल्ला.

तर अशी ती शहाणी. आणि त्या दिवशी धंतोलीत माझ्या तोंडून तीच बोलली.

डॉक्टर म्हणाले होते, नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. आता पोटाला लहानसं छिद्र करून तिथूनच कायमची नळी बसवावी. त्यात त्रास कमी. अन्न थेट जठरात. यांना सगळं समजतं, तेव्हा यांनाही विचारून पुढच्या खेपेला काय ते सांगा. मी यांच्या पलंगाशी बसले आणि वर्गात बोलायची त्या आवाजात बोलू लागले. "हे पाहा, अन्न पचायला तोंड लागतंच असं नाही. पचन सगळं खाली होतं. मिक्सरमधून काढलं, गाळलं, की अर्धं काम आपणच केलेलं असतं. शरीराला नुसतं शोषून घ्यायचं आहे."

यांनी ऐकलं. मग बांधलेल्या हाताची करंगळी वर केली आणि वळवळवली.

डॉक्टरांनी ते पाहिलं. "हा कंप कधीपासून आहे?"

"लग्नापासून," मी म्हणाले.

मला हसू आलं, ते थांबवता येईना. डॉक्टर माझ्याकडे पाहत राहिले. मग लक्षात आलं की हे हसत नाहीत. चेहऱ्याची डावी बाजू हलू शकते, तिथूनही नाही. ते नुसते माझ्याकडे पाहत होते, आणि करंगळी खाली गेली.

घरी आल्यावर रोजचं सुरू झालं. सकाळी डाळ-तांदूळ मऊ शिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, फडक्याने गाळायचे. एक कण राहिला तरी नळी बंद पडते. उशी उंच करायची, मोठ्या पिचकारीचं नळकांडं नळीला जोडायचं, वर धरायचं आणि पातळ अन्न हळूहळू उतरू द्यायचं. मागून पाणी. हे सगळं होईपर्यंत हे भिंतीकडे पाहत असत. मी आपलं स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवून घ्यायची, फोडणी न घालता, यांना वास जाऊ नये म्हणून. फोडणीशिवायचं वरण मी जन्मात खाल्लं नव्हतं. माणूस कशाशिवाय जगू शकतो हे म्हातारपणी कळतं, आणि कळून फार आनंद होतो असं नाही.

नात डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला माझ्याकडेच राहते. तिची खोली बाहेरच्या रस्त्यावर, तिथे गाड्यांचा आवाज, म्हणून पुस्तक घेऊन आजोबांच्या पलंगाशी बसते. एका दुपारी तिने वर न पाहताच विचारलं, "आजी, अस्कारिस, म्हणजे तुझा गोलकृमी, खातो कसा? एका ओळीत सांग."

"पचलेलं अन्न शोषतो," मी म्हणाले. इतकी वर्षं शिकवलेली ओळ. झोपेतही म्हटली असती.

"शोषतो म्हणजे? अंगानं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझी मीच अडखळले. कारण नाही. अंगाने शोषणारा तो पट्टकृमी, त्याला तोंडच नसतं, आतडंही नसतं. अन्नात नुसता पडून राहतो. गोलकृमीचं तसं नाही. मला ते ठाऊक होतं, शिकवलंही होतं, पण आयतोबा म्हटलं की वर्ग हसायचा, म्हणून मी पुढचं सगळं भरभर उरकून टाकायची.

मग मी नातीला नीट सांगितलं. जंताच्या अंगात सगळीकडून दाब असतो, पाण्याने गच्च भरलेल्या फुग्यासारखा. त्या दाबाने त्याचं आतडं सदैव चपटं मिटलेलं असतं. त्या आतड्याला स्वतःचे स्नायू नाहीत, पेशींचा एकच थर. म्हणजे अन्न आपोआप आत जाणं अशक्य. त्यासाठी त्याच्या ओठांमागे एक जाड, स्नायूंची घशाची नळी असते. ती ताणली की तिची पोकळी उघडते आणि बाहेरचा रस आत ओढला जातो. मग ती मिटते आणि तो रस मिटलेल्या आतड्यात जोराने ढकलते. पुन्हा उघडायची, पुन्हा ढकलायची. नवा घोट मागच्या घोटाला पुढे रेटतो. पाचक रसही तो थोडा स्वतः बनवतो, कारण आपल्या आतड्यात त्याला मिळतं ते अर्धं कच्चंच असतं. त्याला धरून राहायला आकडे नाहीत, म्हणून आपलं आतडं त्याला खाली लोटत असताना तो सतत उलटा पोहत राहतो. आणि आपल्या पाचकांनी तोच पचून जाऊ नये म्हणून त्यांना अडवणारं द्रव्यही अंगातून सोडतो.

"म्हणजे बसून खात नाही," नात म्हणाली.

"नाही."

"मग तू आयतोबा का म्हणतेस? माझ्या वहीत तसंच लिहिलंय, तू सांगितलेलं."

पलंगावर हे जागे होते. डोळे छताकडे होते, पण यांचं ऐकणं मला कळतं. पन्नासएक वर्षं शेजारी झोपल्यावर कळतंच. एक जंत, ज्याला मी सगळ्या वर्गासमोर फुकटखाऊ म्हटलं, तो निदान आपला घोट आपण ओढतो. यांच्यासाठी आता घोटही मीच ओढत होते. हे यांना धंतोलीतच कळलं होतं. मला कळायला नातीचा गृहपाठ लागला.

त्याच आठवड्यात कुहीहून यांची मोठी बहीण आली. माझी नणंद. मी तिला बाई म्हणते. वय झालंय, पण धानाची शेती अजून तीच पाहते. तिच्या घरचा एक नेम आहे. नवा तांदूळ भरडून आला की पहिली पायली-अर्धी पायली भावाच्या घरी आणायची. भावाने नव्या भाताचा पहिला घास खाल्ला की मग तिने नवा भात खायचा. तोवर ती जुन्या तांदळावर राहते. लग्न झाल्यापासून एकही साल चुकलं नव्हतं. यंदा धान निघाला, भरडला, तिच्या घरचे खायलाही लागले, आणि ही बाई थंडी सरत आली तरी जुनाच खात होती.

ती आली तेव्हा मी नळीतून देतच होते, ते आटोपून भांडी धुवायला घेतली. ती पलंगाशी बसली. बराच वेळ भावाकडे पाहत राहिली.

"काहून वं, ह्याले जेवाले नाही देत का?"

"आत्ताच झालं ना, बाई. तुमच्यासमोर."

"माह्यासमोर कई?"

"नळीतून दिलं ते."

"त्याले जेवण म्हणते का तू? हे तं बांधीत पाणी सोडल्यासारखं झालं." बांधी म्हणजे बांध घातलेला धानशेतीचा तुकडा. ती आयुष्यभर त्यात पाणी सोडत आली आहे, तेव्हा तिला काय म्हणायचं ते मला कळलं.

"बाई, तोंडाने दिलं की छातीत जातं. निमोनिया होतो. त्यात माणूस जातो."

"जे पितर होऊन गेले त्याहीले आपण पान वाढतो. हा तं जिता आहे."

तिला शास्त्र सांगायला मी पूर्वी फार उत्सुक असायची. तिला जंताचं औषध द्यायला एकदा मी कुहीपर्यंत बसने गेले होते, आणि तिच्या अख्ख्या घराला एका ओळीत बसवून गोळ्या दिल्या होत्या. ती गोष्ट ती अजून पाहुण्यांना सांगते, माझ्यासमोर.

दुपारी ती स्वयंपाकघरात आली. आवाज उतरला होता. "बरं. नळीनंच दे. पण मी देईन."

तिने तिच्या नव्या तांदळाची पातळ पेज केली. मऊ होईपर्यंत शिजवली, घोटली, फडक्याने गाळली, पुन्हा गाळली. मग हातात मिठाचा चमचा घेऊन थांबली.

"मीठ टाकू का?"

"नळीला चव कळत नाही, बाई."

"त्याच्या पोटाले कळन," म्हणाली आणि टाकलं.

मी यांचा हात सोडला. जेवताना सोडायचीच. नळकांडं जोडलं, बाईच्या हातात दिलं, किती उंच धरायचं ते दाखवलं. तिने पेज ओतली. पांढरा रस नळीत उतरू लागला, नाकापर्यंत आला. यांनी तो येताना पाहिला. मग डावा हात वर आला. मला वाटलं, पुन्हा नळी उपसणार, म्हणून मी पुढे झाले. पण यांनी नळी उपसली नाही. ती दोन बोटांत धरली आणि दुमडली. पेज जिथे होती तिथे थांबली.

"अडकलं का वं?" बाईने विचारलं.

"नाही. त्यांनीच धरलंय."

"सोड ना गा," ती भावाला म्हणाली. "माह्या हाताची आहे. नव्या तांदळाची."

हे सोडेनात. तिच्याकडे पाहत राहिले. आणि तोंड उघडलं.

मी नळकांडं तिच्या हातातून काढून घेतलं. मग मी यांच्याशी बोलले. वर्गातला तो आवाज कुठून आणावा ते मला माहीत नव्हतं, म्हणून साधंच बोलले. "तोंडाने दिलं तर छातीत जाईल. ताप येईल. कदाचित उद्या, कदाचित उन्हाळ्यात. पोटात नळी बसवली तर पुष्कळ दिवस काढाल. मी नीट करीन सगळं. कळतंय ना?"

यांनी तोंड मिटलं. म्हणजे ऐकलं. मग परत उघडलं.

त्या दिवशी मी काही दिलं नाही. तेवढं धाडस मला नव्हतं. बाई रागावली नाही, तिने संध्याकाळी जुन्या तांदळाचा भात खाल्ला आणि यांच्या पायाशी जमिनीवर झोपली.

पुढच्या खेपेला धंतोलीत मी सांगितलं की पोटातली नळी नको, नाकातलीही काढा. डॉक्टरांनी पुष्कळ समजावलं. ते चुकीचं काही बोलत नव्हते, मी हो म्हणत मान हलवत राहिले. यांना पोटातल्या नळीचं विचारलं तेव्हा यांनीही मान हलवली, दुसऱ्या अर्थाने. शेवटी त्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी मला शिकवलं. पाठ सरळ, हनुवटी छातीकडे झुकलेली, अर्ध्या चमच्याहून मोठा घास नाही. घास दिला की दोन बोटं यांच्या गळ्याच्या घाटीवर ठेवायची. घाटी वर चढून खाली आली तर घास गेला. अर्ध्यात थांबली तर दुसरा द्यायचा नाही. "आणि आजी," त्या म्हणाल्या, "हे सगळं केलं तरी थोडं छातीत जाणारच. मी तुम्हाला फसवत नाही."

नव्या भाताचा पहिला घास बाईने दिला. मऊ केलेला, तूप-मीठ घातलेला, बोटाच्या पेराएवढा. यांनी तो किती वेळ तोंडात ठेवला. जीभ एका बाजूनेच चालते, त्यामुळे घास उजवीकडे जाऊन बसायचा आणि हे पुन्हा तो शोधून काढायचे. मग घाटी चढली. बाईने डोळे मिटले होते, तिला मी सांगितलं, "गेला." तेव्हा तिने ताट ओढलं आणि जेवली. मुकाट्याने, पोटभर. जाताना उरलेला तांदूळ डब्यात भरून ठेवला आणि मला म्हणाली, "दोन वेळ शिजव. कमी करजो पण शिजव."

त्यानंतर दोनदा ताप आला. एकदा औषधाने उतरला, एकदा उतरला पण छातीत घरघर ठेवून गेला. हे वाळत चाललेत. दोन वाट्या नळीतून जायच्या, आता चार-पाच घासही पुष्कळ. फोडणी मात्र मी घालते, जिऱ्याची, आणि यांच्यासमोर बसून जेवते. इतक्या जंतांची पोटं मी उघडून पाहिली, पण या एका गळ्यातून घास कुठे उतरतो ते मला बाहेरून दिसत नाही. बोटांखाली घाटी चढते, थरथरते, आणि मी थांबते. कधी ती खाली येते. कधी येत नाही, मग हे डोळे मिटून धडपडतात, आणि आम्ही दोघं मिळून तो घास खाली नेतो, किंवा नेल्यासारखं करतो.

आज सकाळी भात आणि पातळ तुरीचं वरण होतं. दोन घास नीट गेले. तिसऱ्याला आत कुठेतरी ओला आवाज आला, तो मी आता ओळखते. मी चमचा ठेवला, यांचं तोंड पुसलं आणि वाटी उचलून उठले. यांनी डाव्या हाताने वाटीची कड धरली. जोर फार नव्हता, मी सहज सोडवून घेतली असती. मी परत बसले.